न आंबवलेली इडली

संपादकांना हॉटेलच्या धंद्यातून मिळणारे नेतृत्वाचे धडे हवे होते. ‘नव्या उद्योजकांना वाचायला आवडेल असं काहीतरी कर,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. धडे देणं मला जमत नाही, खाणं जमतं. त्यामुळे बंगळुरूत लालबाग रोडवर मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे सगळ्या शहराच्या तोंडचं एमटीआर, तिथे नाव नोंदवलं आणि नंबर येण्याची वाट बघत बसलो.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. उडुपीच्या बाजूच्या पारंपळ्ळी गावातून आलेल्या मय्या बंधूंनी १९२४ साली बंगळुरूत ‘ब्राह्मण कॉफी क्लब’ काढला. पाटीवरचा ‘ब्राह्मण’ आत चुलीपाशी कोण उभं आहे हे सांगायला होता. हॉटेलात खाल्लं तर बाटतो, असं मानणाऱ्या गिऱ्हाइकाला उंबरठा ओलांडायला लावणारी ती जाहिरात होती. आज ते नाव खटकतं, आणि खटकायलाच हवं. १९६० मध्ये हॉटेल सध्याच्या जागेत आलं, तेव्हा ते नाव जाऊन मावळ्ळी या वस्तीचं नाव आलं.

मला मात्र कुतूहल होतं रवा इडलीचं. आपल्याकडे पाहुणे न सांगता आले की ही इडली होते. तिला कोणी शोध म्हणत नाही. एमटीआरवाले म्हणतात की ती दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या भटारखान्यात जन्मली. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला आणि दक्षिणेत तांदळाची टंचाई पडली. इडलीचं हॉटेल आणि तांदूळ नाही! मग रव्यावर प्रयोग सुरू झाले.

ताटलीत आलेली इडली नेहमीच्या इडलीपेक्षा जाडजूड, रवाळ, वर काजू आणि कोथिंबीर. सोबत बटाट्याचा सागू आणि छोट्या वाटीत तूप. बोटाने दाबली की दाणा जाणवतो, पण घास कोरडा लागत नाही. रवा आधी तुपावर फोडणीत परतलेला असतो, म्हणून दाण्यावर तुपाचा लेप बसतो आणि भिजल्यावर त्याचा चिकट गोळा होत नाही. मग आंबट दही. रव्याला ते प्यायला थोडा वेळ द्यायचा. सोडा अगदी शेवटी, कारण दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की लगेच बुडबुडे सुटतात. तेवढ्यातच पीठ साच्यात जाऊन वाफेवर चढलं पाहिजे. आचारी गप्पांत रमला तर इडली बसली म्हणून समजा.

तांदळाच्या इडलीचा हिशेब निराळा. उद्या किती गिऱ्हाईक येणार याचा अंदाज आदल्या दिवशीच बांधावा लागतो: भिजवा, वाटा, रात्रभर आंबू द्या. अंदाज चुकला की दुपारी आंबट पिठाचं पातेलं उरतं, किंवा सकाळी नऊलाच ‘इडली संपली’ म्हणावं लागतं. रव्याचं पीठ दारातली रांग बघून कालवता येतं. युद्धातल्या टंचाईने हॉटेलला एक पदार्थ दिला हे सगळे सांगतात. तिने एक पूर्ण रात्रही वाचवली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

बंधूंपैकी यज्ञनारायण मय्या १९५१ मध्ये युरोपला गेले. तिथली हॉटेलं पाहून परतल्यावर भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत त्यांनी आणली आणि स्वच्छतेचा ध्यासच घेतला. गिऱ्हाइकाने भटारखान्यातून वाट काढत जेवणाच्या खोलीत यावं, ही इथली चाल प्रसिद्ध आहे. ज्याला खायला घालायचं त्यालाच तपासनीस करायचं! यातला धूर्तपणा मला फार आवडला. दिवसभर अनोळखी माणसं डोकावणार असतील तर फडकं रोज धुतलं जातं, मालक गावाला गेला तरी. आपल्याकडच्या कितीतरी नामांकित हॉटेलांत ‘आत प्रवेश नाही’ ही पाटी नेमकी त्याच दारावर असते.

खोलीतल्या वाढप्याकडे मी बराच वेळ पाहत होतो. टेबलापाशी आला की नजर माणसाकडे नाही, ताटलीकडे. अर्धी इडली उरली की पुढचं विचारायचं. शेवटच्या घासाची वाट पाहिली तर उशीर होतो, आधी विचारलं तर हाकलल्यासारखं वाटतं. बाहेर रांग असताना कुणालाही न हिणवता टेबल मोकळं करण्याचं काम हा माणूस करतो, आणि ते कुठल्या कृतीत लिहिलेलं नसतं.

आता अडचणींबद्दल. सगळ्यात मोठी १९७५ मध्ये आली. आणीबाणीत हॉटेलांतल्या पदार्थांचे दर सरकारने बांधून दिले, आणि ते इतके कमी की तूप-काजू वापरणाऱ्याने तोट्यातच जावं. अनेकांनी काय केलं असेल ते सांगायला नको: तूप गेलं, डाळ पातळ झाली. एमटीआरने दर्जा तोच ठेवला आणि आज इतका तोटा झाला असा रोजचा फलक दारावर लावला, ही गोष्ट बंगळुरूत अजून सांगितली जाते. सरकारशी भांडण नाही, मोर्चा नाही, नुसता आकडा. त्या काळात तेवढंही धाडसाचंच होतं. पण फलकाने पगार भागत नाहीत, आणि हॉटेल बंद करावं लागलं.

माणसं घरी पाठवायची नव्हती, म्हणून कोरड्या पिठांची आणि मसाल्यांची पाकिटं सुरू झाली. इथे मला ती १९४२ ची इडली पुन्हा दिसते. आंबवायची इडली कोरड्या पाकिटात कशी भराल? परतलेला रवा भरता येतो. दही गिऱ्हाइकाने आपल्या घरचं घालावं. हा माझा तर्क आहे, पण टंचाईत केलेली तडजोड तीस वर्षांनी दुसऱ्या संकटात उपयोगी पडली असं मला वाटतं. ती सुचली तेव्हा पाकिटाचं स्वप्न कोणी पाहिलं असेल असं मात्र मानायला मी तयार नाही. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत नंतर त्याला दूरदृष्टी म्हणतात.

हॉटेल १९८४ मध्ये पुन्हा उघडलं. पुढे कुटुंबात वाटण्या झाल्या. पाकिटांचा व्यवसाय एका शाखेकडे, हॉटेल दुसरीकडे. २००७ मध्ये पाकिटांची कंपनी नॉर्वेच्या ऑर्क्लाने सुमारे ८ कोटी डॉलरना घेतली. हॉटेल मय्या कुटुंबाकडेच राहिलं, त्याच्या शाखा निघाल्या, २०१३ मध्ये सिंगापूरलाही. तीन अक्षरं तीच, मालक दोन. पुण्यातल्या किराणा दुकानात पाकीट उचलणाऱ्याला लालबाग रोडचा वास येतो, पैसे जातात दुसरीकडे.

काळजी मला वाटते ती निराळीच. पाकिटातल्या रव्याचं प्रमाण यंत्र राखतं. हॉटेलच्या नव्या शाखेत मात्र सोडा कधी घालायचा आणि ताटलीत अर्धी इडली उरल्यावर काय विचारायचं, हे शिकवायला माणूसच लागतो. उडुपी हॉटेलांना पिढ्यान्‌पिढ्या अशी माणसं किनारपट्टीच्या गावांतून मिळत गेली: आधी फडकं मारणारा पोरगा, मग वाढपी, मग आचारी, कधी मालकही. आता तिकडची मुलं शिकून दुसऱ्या नोकऱ्या धरतात, आणि मुंबई काय, बंगळुरू काय, उडुपी हॉटेलांच्या भटारखान्यांत ओडिशा, बंगाल, ईशान्येकडची मुलं दिसतात. ती कामाला वाघ आहेत. पण त्यांच्यापैकी कितींना मालक व्हायची वाट दिसते, हा प्रश्न मी माटुंग्यातल्या एका गल्ल्यावर विचारला, तर मालकाने सुटे पैसे मोजत पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.