गाडी आणि कुत्रा : मालकाची जबाबदारी

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील मोठे गाव. येथील रेणुकादेवीच्या दर्शनाला नवरात्रात दूरदूरची माणसे येतात. पुढे ऊसतोडीचा हंगाम लागला की तालुक्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. अशा वेळी कोणास गाडीची धडक बसली, अथवा राखणीचा कुत्रा वाटसरूस चावला, तर ‘नशिबाचा भोग’ म्हणून प्रकरण मिटविण्याकडे कल असतो. कायदा मात्र मालकास जाब विचारतो.

गाडी दुसऱ्याच्या हाती होती, एवढ्याने मालक सुटत नाही. डिसेंबर १९६० मध्ये एका जिनिंग कंपनीची मोटार, कंपनीचाच व्यवस्थापक चालवीत असता, नागपूर-पांढुर्णा मार्गावर झाडावर आदळली व आतील प्रवासी मरण पावला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीस जबाबदार धरले. विमा कंपनीचे दायित्व १५,००० रुपयांपुरतेच होते; उरलेली भरपाई मालकाच्या माथी आली.

यातून शेतकरी बंधूंनी बोध घ्यावा. ट्रॅक्टरचा विमा व चालकाचा परवाना चालू ठेवावा. ट्रॉलीत माणसे बसवू नयेत. अशा प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनी बहुधा नाकारते आणि वसुलीचे संकट मालकाच्या मालमत्तेवर येते.

अपघात घडल्यास प्रथम जखमीस दवाखान्यात न्यावे. पोलिसांत फिर्याद व पंचनामा करवून कागदांच्या नकला जपाव्यात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. १ एप्रिल २०२२ पासून चूक सिद्ध न करताही मृत्यूस ५ लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन गाडी पळाली व तिचा पत्ता लागला नाही, तर अनुक्रमे २ लाख व ५० हजार रुपये मिळू शकतात. त्यासाठी उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावा.

कुत्र्याच्या बाबतीतही तत्त्व तेच. पाळलेल्या जनावरापासून धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा होऊ शकतो तो वेगळाच. म्हणून कुत्र्यास दरवर्षी रेबीजची लस टोचावी व रहदारीच्या वाटेवर तो मोकळा सोडू नये.

कुत्रा चावल्यास मात्र कायद्याआधी उपचार. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद लावू नये. त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात लस सुरू करावी व सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी क्वचितच वाचतो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी. भरपाईने गेलेला जीव परत येत नाही. परंतु मागे राहिलेल्यांचा संसार सावरतो.