दारीं आलेलें गिऱ्हाईक

चाळीसगांवाजवळ पाटणें येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. त्याच्या शके 1128 च्या शिलालेखांत संस्कृत श्लोकांखालीं जुनी मराठीही आहे; आणि तींत, पेठेंत उघडलेल्या मालावर गिऱ्हाइकापासून राजास येणारें उत्पन्न मठास दिल्याची नोंद आहे. विद्येचा मठही गिऱ्हाइकाच्या आधारें चालत असे, हें व्यापारास कमी लेखणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरांनीं ध्यानांत घ्यावें.

याचें स्मरण होण्यास कारण असें झालें. आमचा एक जुना विद्यार्थी व त्याची पत्नी ज्वारीचे बिबडे, कुरडया व नागलीचे पापड करून पुण्या-मुंबईस पाठवितात. एका तरुणाकडून त्यांनीं संकेतस्थळ करवून घेतलें. ज्येष्ठ लागला, तरी उन्हाळ्यांतले डबे भरलेलेच. “गुरुजी, पाहायला पुष्कळ येतात, घेत कोणी नाहीं. जाहिरातीस आणखी पैसे घालूं का?” असें त्यानें विचारलें. पाऊस लागला कीं माल सर्दावणार आणि त्या माउलीचे श्रम वायां जाणार!

आम्हीं म्हटलें, “बाबा, लीलावतींतलें त्रैराशिक आठव. शंभरांत एक घेतो तेथें दोन घेऊं लागले, तर एकही नवा मनुष्य न आणतां विक्री दुप्पट होते. आधीं आपला उंबरठा पाहूं.”

मग आम्हीच चष्मा लावून मोबाईलवर खरेदीस बसलों. चित्रें इतकीं जड, कीं पान उघडेपर्यंत चहा निवाला. मजकूर सारा इंग्रजी. बिबडे तळावयाचे कीं भाजावयाचे, किती दिवस टिकतात, याचा उल्लेख नाहीं. जन्मतारखेपर्यंत सारें विचारून झाल्यावर टपालखर्च अगदीं शेवटीं प्रकट झाला! आणि वर पाटी, ‘आतां दोनच पुडे शिल्लक’. घरांत तर डब्यांची उतरंड.

ही पाटी केवळ अनीतीची नव्हे. खोटी घाई लावणें व किंमत टप्प्याटप्प्यानें उघड करणें हे प्रकार केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनीं निषिद्ध ठरविले आहेत. विक्रेत्यानें आपलें नांव, पत्ता व एकूण किंमत स्पष्ट दाखवावी, असे 2020 चे नियम सांगतात.

त्यानें पाटी त्याच दिवशीं काढली. पुढें एका वेळीं एकच पालट केला: आधीं टपालखर्चासह किंमत वर आणली, मग मराठी मजकूर घातला, मग दूरध्वनीचा क्रमांक. आलेले किती व घेणारे किती, यांची रोज वहींत नोंद ठेवली. तीन औषधें एकदम घेतलीं, तर गुण कोणाचा तें कळत नाहीं.

आषाढांत तो पुन्हां आला. सगळे डबे रिते झाले नव्हते. पण निम्म्याहून अधिक गेले होते, आणि जाहिरातीस नवा पैसा लागला नव्हता. दारीं आलेल्यास आधीं पाणी विचारावें, हें आमच्या घरांत शिकवावें लागत नाहीं. दुकानाचा धर्म याहून निराळा नाहीं.