व्हिडिओ खेळांतील फेरफार

व्हिडिओ खेळांतील फेरफार : संगणकावर वा तत्सम साधनावर खेळावयाच्या खेळाच्या आज्ञावलीत, चित्रांत, ध्वनीत किंवा नियमांत मूळ निर्मात्याखेरीज इतरांनी केलेला बदल. खेळाडूंच्या बोलीत त्यास ‘मॉड’ म्हणतात. असा फेरफार ही लबाडी होय काय, या प्रश्नाचे उत्तर बदलाच्या तांत्रिक स्वरूपावरून मिळत नाही. तो कोणाच्या संमतीने झाला व त्यामुळे कोणाची हानी झाली, हे पाहावे लागते.

पारंपरिक खेळांतील दाखले : नियमांतील फेरबदल खेळांना नवा नाही. विटीदांडूतील मोजणीच्या व बाद होण्याच्या रीती गावोगाव भिन्न आढळतात. वडवणीची (जि. बीड) मुले परगावच्या मुलांशी खेळू लागली, तर डावापूर्वी या रीती ठरवून घ्याव्या लागतात आणि जे ठरेल तोच त्या डावापुरता नियम होतो. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये तयार केले. एकदा घेतलेली दिशा पाठलाग करणाऱ्याने बदलू नये, हा त्यांतील एक मुख्य नियम. २०२२ मध्ये पुण्यात झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत मात्र ‘वजीर’ हा कोणत्याही दिशेने धावू शकणारा खेळाडू आणण्यात आला. बदल मोठा होता. तथापि तो सर्व संघांना आधी ठाऊक व सारखाच लागू असल्याने त्यास कोणी लबाडी म्हटले नाही. याउलट एकाच गड्याने गुपचूप मोजणी वाढविली, तर तो रडीचा डाव ठरतो.

प्रकार : व्हिडिओ खेळांतील फेरफाराचे स्थूलमानाने तीन प्रकार होतात. (१) बाह्य स्वरूपातील बदल : इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीच्या क्रिकेट ०७ (२००६) या खेळानंतर त्या मालिकेत नवा खेळ निघाला नाही. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाल्यावर हौशी खेळाडूंनी तिचे संघ, गणवेश व खेळाडू या जुन्या खेळात घातले आणि भारतात तो पुढेही अनेक वर्षे खेळला गेला. (२) नवनिर्मिती : हाफ-लाइफ (१९९८) या खेळात फेरफार करून मिन ली व जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक हा खेळ तयार केला. मूळ निर्मात्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याचे हक्क घेऊन २००० मध्ये तो स्वतः प्रसिद्ध केला. (३) साहाय्यक आज्ञावली : सामूहिक खेळात प्रतिस्पर्ध्यांची स्थाने प्रत्येक खेळाडूच्या संगणकाकडे पाठविली जातात. ही गुप्त माहिती स्मृतीतून वाचून काही आज्ञावल्या भिंतीआडचा प्रतिस्पर्धी दाखवितात, तर काही नेम आपोआप साधून देतात.

लबाडीचा निकष : एकट्याने खेळावयाच्या खेळात प्रतिस्पर्धी नसल्याने फसवणूक कोणाचीच होत नाही. अनेक निर्मात्यांनी तर खेळ सोपा करणारे संकेत स्वतःच खेळात ठेवले आहेत. सामूहिक खेळात प्रत्येकाचे कौशल्य समान नियमांवर मोजले जाते. तेथे एकाने लपवून घेतलेले साहाय्य इतरांचे श्रम व्यर्थ करते. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथील स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या संगणकावर नेम साधून देणारी आज्ञावली आढळली. संपूर्ण संघ बाद झाला, तो पुढे विसर्जित करण्यात आला व त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. स्पर्धेतील खेळ काउंटर-स्ट्राइकचीच पुढची आवृत्ती होता. ज्या खेळाचा जन्मच फेरफारातून झाला, त्यातही फेरफार लबाडी ठरू शकतो. मात्र येथे दोष बदलाचा नसून चोरून घेतलेल्या लाभाचा होता.

कायदेशीर बाजू : लबाडी व हक्कभंग या भिन्न गोष्टी होत. लबाडी सहखेळाडूंशी होते, तर हक्कभंग निर्मात्याचा. खेळ तात्पुरता सोपा करणाऱ्या ‘गेम जीनी’ या उपकरणाने निन्टेन्डो कंपनीच्या हक्कांचा भंग होत नाही, असे अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९९२ मध्ये ठरविले. ड्यूक न्यूकेम थ्रीडी या खेळासाठी हौशी खेळाडूंनी रचलेले टप्पे एकत्र करून विकणे मात्र १९९८ मध्ये हक्कभंग ठरले. भारतात संगणकाच्या आज्ञावलीस प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये वाङ्मयीन कृतीचे संरक्षण आहे. २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६५अ अनुसार हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक अधिनियमाने ई-क्रीडेस मान्यता दिली असून, तिच्या व्याख्येत पूर्वनिश्चित नियमांनी चालणारी स्पर्धा ही अट घातली आहे. विटीदांडूच्या डावापूर्वी मुले जे तोंडी ठरवितात, त्यालाच येथे कायद्याचे रूप मिळाले आहे.