पाच वचनांत तीन विधवा

धंतोलीत दिवस उजाडला की लिहिणं कठीण. गल्लीगल्लीत दवाखाने, भंडारा, यवतमाळ, बालाघाटहून आलेले नातेवाईक फाइल आणि डबा सांभाळत फुटपाथवर बसलेले असतात, अँब्युलन्सला वाट मिळत नाही. म्हणून मी पहाटेच बसते. आधी पवित्र शास्त्राचा एक भाग, मग कादंबरीची वही. सध्या रूथचं पुस्तक चालू आहे आणि त्याचा हात माझ्या लिहिण्यावर रोज पडतो आहे.

त्याची सुरुवातच पाहा. दुष्काळ पडतो, बेथलेहेमचं एक कुटुंब मवाबात जातं, नामीचा नवरा मरतो, मुलांची लग्नं होतात, दहाएक वर्षांत दोन्ही मुलंही जातात. पाच वचनांत तीन विधवा. हे कोणत्या पापाचं फळ, याबद्दल निवेदक चकार शब्द काढत नाही. नामी देवालाच बोल लावते आणि कोणी तिला गप्प करत नाही. सून रूथ तिच्याबरोबर चालत राहते, बेथलेहेमला पोचल्यावर शेतात सरवा वेचायला जाते. संध्याकाळी घरी सातू येतात. सांत्वन ते एवढंच.

माझ्या कादंबरीतली बाई आयसीयूबाहेर बसली आहे, गोंदियाकडची, धानशेतीवाली. पाळकांना तिथे आणून प्रार्थना करवावी असं फार वाटतं. माझा विश्वास पानावर उतरावा ही ओढ खरी आहे. पण रूथ वाचून उठलं की पाळक त्या प्रसंगात उपरे वाटतात. मग शेजारच्या रुग्णाची बायको आपल्या डब्यातला भात तिच्या झाकणीत काढते, तिचा मोबाइल चार्जिंगला लावते. देवाचं नाव त्या पानावर येत नाही, तरी तो तिथे आहे असं मी मानते.

बाबा पदमनजींची वाट वेगळी होती. 1831 साली बेळगावात जन्म, 1854 साली बाप्तिस्मा आणि 1857 साली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. त्यांची पात्रं वाद घालतात, ख्रिस्ताकडे बोट दाखवतात. तिथे कथा अडते आणि उपदेश सुरू होतो. त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. केशवपनाला धर्म मानणाऱ्या समाजाशी ते बोलत होते. शिवाय प्रवासात यमुनेला विधवा भेटतात, आपली हकिकत सांगतात आणि ती ऐकून घेते, ती पानं मला अजून हलवतात. हे ऐकणं पदमनजी शास्त्रातूनच शिकले असावेत. लूकच्या शुभवर्तमानात न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणारी विधवा आहे, काहीही न मागता मुलगा परत मिळालेली नाईन गावची विधवा आहे.

माझ्या बाईचा नवरा वाचेल का, ते अजून ठरत नाही. नामीच्या मांडीवर शेवटी नातू येतो. गेलेली मुलं मात्र परत येत नाहीत. माझ्याकडेही धानाची कापणी तोंडावर आली आहे. नवरा असो वा नसो, पुढच्या प्रकरणात तिला बांधावर उभं करायचं आहे.