गच्चीवरचं वजन, झुल्यावरचा माणूस

पाऊस संपला की सोसायट्यांमध्ये बाहेरच्या रंगाची आणि भिंतींच्या भेगा बुजवायची बोलणी सुरू होतात. सभेत दरावर तासभर वाद होतो. माणसं वर चढणार कशी, हे मात्र कॉन्ट्रॅक्टरवर सोडलं जातं. आज आपण त्याबद्दलच बोलू. काम दिवसा चालतं, आणि दिवसा खिडकीतून ते दिसतं ते बहुधा घरात असणाऱ्या आपल्यालाच.

बांबूची परांची आपल्या ओळखीची आहे. उंच टॉवरला बऱ्याचदा झुला लावतात. झुला म्हणजे लांबट पाळणा, दोन्ही टोकांना एकेक मोटर. या मोटरी पाळण्यातच असतात आणि गच्चीवरून सोडलेल्या पोलादी तारेवर चढत जातात. प्रत्येक टोकाला दोन तारा हव्यात: एक उचलायची, दुसरी सुरक्षेची. पाळणा एका बाजूला जास्त कलला किंवा पहिली तार तुटली, तर कुलपासारखं एक यंत्र दुसरी तार घट्ट धरतं. वीज गेली तर मोटरींचे ब्रेक हाताने सोडून पाळणा सावकाश खाली आणता येतो.

खरी मेख आहे गच्चीवर. तिथे दोन लोखंडी तुळया कठड्याबाहेर काढलेल्या असतात आणि त्यांच्या मागच्या टोकांवर वजनं रचलेली असतात. बागेतला सीसॉ आठवा. तुळई टेकूपासून पुढे दीड मीटर आणि मागे साडेचार मीटर असेल, तर मागचा 1 किलो पुढच्या 3 किलोंना तोलतो. पण नुसता तोल साधून भागत नाही, तिप्पट जोर हाताशी ठेवायचा असतो. म्हणजे पाळणा, तारा, माणसं, रंगाचे डबे मिळून पुढे जेवढं वजन, तेवढं मागेही हवं. या वजनांच्या जागी वाळूची पोती ठेवणं धोक्याचं. पोतं फाटलं की वाळू गळते आणि वजन कमी होतं. ठोकळे मोजून ठेवलेले आणि कोणाला सहज उचलता येणार नाहीत असे अडकवलेले हवेत. मुलांना त्या दिवसांत गच्चीवर पाठवू नका, आणि वाळवणाला दाब म्हणून तिथला ठोकळा तर मुळीच घेऊ नका!

आता झुल्यावरच्या माणसाकडे पाहा. अंगाला पट्टे बांधलेले असतात, फोटोतही छान दिसतात. पण त्या पट्ट्याची दोरी कशाला अडकवली आहे? झुल्याच्याच दांडीला असेल, तर झुला कोसळताना माणूसही त्याबरोबर जाणार. प्रत्येकाची दोरी वेगळी, गच्चीवर इमारतीच्या भक्कम भागाला बांधलेली हवी. पाण्याचा पाइप किंवा एसीचा ब्रॅकेट त्यासाठी चालत नाही. झुल्याच्या तुळईलाही ती बांधायची नाही. कठड्याच्या धारेवर दोरी घासते, तिथे खाली जाड गोणपाट किंवा रबर घातलेलं हवं. आपण खिडकीबाहेर लोंबणारी दोरी बाजूला बांधून ठेवतो, तिच्यावर फडकी वाळत घालतो. कृपा करून हे करू नका.

पट्ट्याने माणूस वाचला तरी तो लटकत राहतो, पायांत रक्त साकळतं आणि काही मिनिटांतच जीव धोक्यात येऊ शकतो. अग्निशमन दलाला फोन करायचाच, पण त्यांची वाट पाहत हातावर हात ठेवून बसता येत नाही. त्याला वर ओढणारा किंवा खाली उतरवणारा शिकलेला माणूस जागेवर हवा. तो कोण, हे काम देण्याआधी सभेत विचारा. झुल्याची तपासणी कोणी, कधी केली याचा कागद मागा, कामगारांचा विमाही पाहा. दर थोडा वाढेल, आणि तो वाढावा असंच आमचं मत आहे.

वारा सुटला, पाऊस आला की झुला खाली आलाच पाहिजे. "दिवाळीच्या आत संपवा" म्हणून आपणच घाई करत असू, तर ती थांबवायला हवी. काही चुकतंय असं दिसलं, तर वरच्या माणसाला खिडकीतून एकदम हाक मारू नका, तो दचकेल. वॉचमनकडून सुपरवायझरला बोलावून घ्या आणि झुला खाली आणायला सांगा.