काउंटी हलते, झाड जागेवरच असतं

समजा, इंग्लंडमधल्या एका दुर्मिळ वनस्पतीच्या नोंदी तुम्ही डाउनलोड केल्यात. १९६५ पर्यंत बर्कशायर काउंटीत ती भरपूर सापडते, १९८० नंतर जवळजवळ नाहीच. शेजारच्या, उत्तरेकडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये मात्र ती अचानक दिसायला लागते. निष्कर्ष काय काढाल? तापमान वाढलं आणि प्रजाती उत्तरेकडे सरकली? आलेख मस्त येईल, गाइडही खूश होतील. फक्त एक अडचण आहे. झाड हललेलंच नाही. १ एप्रिल १९७४ ला सीमारेषा हलली.

त्या दिवशी १९७२ चा स्थानिक शासन कायदा इंग्लंडमध्ये लागू झाला आणि ॲबिंग्डन, वाँटेज, डिडकॉट, फॅरिंग्डन हा बर्कशायरचा मोठा तुकडा ऑक्सफर्डशायरला गेला. इकॉलॉजी वाचणाऱ्यांना वाइटम वूड्स हे नाव माहीत असेलच. १९४७ पासून ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांचा अभ्यास जिथे अखंड चालू आहे, तेच जंगल. आज ते ऑक्सफर्डशायरमध्ये आहे, पण अभ्यास सुरू झाला तेव्हा ते बर्कशायरमध्ये होतं. जुनं लेबल आणि नवीन लेबल दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती दोन्ही एकाच कॉलममध्ये टाकल्यावर.

हे एकदाच झालं असतं तर तारीख पाठ करून भागलं असतं. पण तिथे ‘काउंटी’ हा शब्दच सरळ नाही. शतकानुशतकं चालत आलेल्या ऐतिहासिक काउंट्या एक. १८८८ च्या कायद्याने निवडून आलेल्या काउंटी कौन्सिल आल्या, त्यांच्या कारभाराचा प्रदेश दुसरा. राजाचा प्रतिनिधी, म्हणजे लॉर्ड लेफ्टनंट, ज्या प्रदेशासाठी नेमतात तो तिसरा. तिघांची नावं बऱ्याचदा तीच, हद्दी मात्र वेगळ्या.

१९६५ मध्ये मिडलसेक्सचा बहुतेक भाग ग्रेटर लंडनमध्ये विरघळला. नंतर रेडक्लिफ-मॉड आयोगाने १९६९ मध्ये सुचवलं की शहर आणि त्याच्या आसपासचा ग्रामीण भाग एकाच कारभाराखाली आणा, कारण लोक गावात राहतात आणि कामाला शहरात जातात. मला हा विचार आजही पटतो. पण १९७० मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने दोन स्तरांची वेगळीच रचना केली. १९७४ ला रटलँड ही चिमुकली काउंटी लेस्टरशायरमध्ये गेली, ती १९९७ मध्ये परत वेगळी झाली. हंबर नदीच्या दोन्ही काठांची मिळून हंबरसाइड नावाची नवी काउंटी काढली, ती १९९६ मध्ये मोडीत निघाली. म्हणजे तुमच्या डेटामध्ये ‘हंबरसाइड’ दिसलं तर नोंद साधारण कुठल्या काळातली हे तरी कळतं! खरी फसवणूक करतात ती न बदललेली नावं.

उदाहरणार्थ कंबरलँड. ही ऐतिहासिक काउंटी १९७४ मध्ये कंब्रियात सामील झाली. २०२३ मध्ये कंब्रियाची कौन्सिल रद्द करून दोन नव्या कौन्सिल केल्या, त्यातल्या एकीचं नाव परत कंबरलँड. पण जुन्या कंबरलँडमधलं पेन्रिथ हे गाव नव्यात नाही. ते दुसरीकडे, ‘वेस्टमोरलँड अँड फर्नेस’मध्ये आहे. नावावरून दोन तक्ते जोडलेत तर सॉफ्टवेअर एकही एरर देणार नाही. बिनबोभाट चुकीचं उत्तर देईल.

आता गंमत बघा. या गोंधळाच्या कितीतरी आधी एका वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्यापुरता मार्ग काढून ठेवला होता. ह्युएट कॉट्रेल वॉटसन यांनी १८५२ मध्ये ग्रेट ब्रिटनचे ११२ ‘व्हाइस-काउंटी’ भाग पाडले. मोठ्या काउंट्या फोडल्या (एकट्या यॉर्कशायरचे पाच भाग केले), रटलँडसारखी लहान काउंटी शेजारणीला जोडली, आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. सरकारने पुढे कितीही रेषा पुसल्या तरी हे भाग तसेच धरायचे. वाइटमची वनस्पती-नोंद आजही क्रमांक २२ म्हणजे बर्कशायरमध्ये जाते, पत्ता ऑक्सफर्डशायरचा असला तरी. मिडलसेक्स कौन्सिल १९६५ मध्येच गेली, क्रमांक २१ शाबूत आहे. आणि फर्नेस? तो तेव्हा लँकेशायरचा, समुद्राच्या खाडीने तुटलेला भाग. वॉटसननी तो वेस्टमोरलँडला जोडला. सरकारला हे सुचायला २०२३ उजाडलं.

पण व्हाइस-काउंटी म्हणजे रामबाण नव्हे. हे भाग आकाराने असमान आहेत आणि एका भागात समुद्रकिनाऱ्यापासून डोंगरापर्यंत काहीही येऊ शकतं. म्हणूनच १९६२ च्या ब्रिटिश वनस्पतींच्या ॲटलासमध्ये १० किलोमीटरचे चौकोन वापरले. जागेचे अक्षांश-रेखांश मिळत असतील तर काउंटीच्या वाटेला जाऊच नका. व्हाइस-काउंटी उपयोगी पडते ती जुन्या नोंदींसाठी, जिथे लेबलवर फक्त गाव आणि काउंटी एवढंच आहे.

लोकसंख्या किंवा आरोग्याची आकडेवारी वापरणार असाल तर नावाऐवजी सरकारी क्षेत्र-कोडवर तक्ते जोडा. तिथला सध्याचा नियम असा की हद्द बदलली तर कोड नवा, नुसतं नाव बदललं तर कोड तोच.

इंग्लंडशी तुमचा संबंध नसेल तरी हर्बेरियममधली ‘रत्नागिरी’ लिहिलेली शीट हातात आली की आधी तारीख बघा. १ मे १९८१ च्या आधीची असेल तर ते झाड आजच्या सिंधुदुर्गातलंही असू शकतं. ‘ठाणे’ असेल तर १ ऑगस्ट २०१४ च्या आधी त्यात पालघरही आलं.

माझ्या फाइलमध्ये मी चार कॉलम ठेवते: लेबलवर जसं लिहिलंय तसं ठिकाण (स्पेलिंगसकट, अजिबात न सुधारता), नोंदीची तारीख, मी ठरवलेला आजचा प्रदेश, आणि तो कशावरून ठरवला याची एक ओळ. चौथा कॉलम भरायला सगळ्यात जास्त कंटाळा येतो, आणि रिव्ह्यूअर नेमकं त्याचबद्दल विचारतात.