दाखवा बघू पाय! कोपरगावच्या मुक्कामाची गोष्ट

"या एकदाचे, नाहीतर मयतीलाच भेटायचं काय?" असं भाऊ फोनवर म्हणाले तेव्हा आम्ही हसलो होतो. त्यांना पुणं सोडून सात वर्षं झाली. त्याआधी तीस वर्षं पुणे स्टेशनजवळच्या वस्तीत आमची दारं समोरासमोर होती. एका घरच्या नळाला पाणी आलं की दोन्ही घरांचे हंडे भरायचे. आमच्या थोरलीचं बाळंतपण वहिनींनी काढलं. त्यांच्या धाकट्याने दहावीचा अभ्यास आमच्या पोटमाळ्यावर केला. निवृत्तीनंतर भाऊ-वहिनी कोपरगावला आपल्या घरी गेले आणि भेट 'पुढच्या महिन्यात' म्हणत म्हणत राहून गेली.

शेवटी डिसेंबरात, महापरिनिर्वाण दिनानंतरच्या शनिवारी निघालो. दौंडवरून मनमाडकडे जाणारी गाडी. नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबा मागे पडलं आणि खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या दिसू लागल्या. गळीत हंगाम भरात होता. बेत साधा होता: शनिवारी गप्पा, रविवारी चौघांनी येवल्याला मुक्तिभूमीवर जायचं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी जिथे 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली, ते येवला कोपरगावहून जवळच, उत्तरेला. पूर्वी आम्ही चौघं पुण्याहून तिथे जात असू, तेव्हा भाऊ सगळ्यांच्या पुढे चालायचे.

दारात 'जयभीम' म्हणून भाऊंनी मिठी मारली आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हाताला नुसती हाडं लागत होती. शर्ट लोंबत होता. "तब्येत उतरली की हो," म्हटलं तर म्हणाले, "वय झालं, दुसरं काय!" शेजारीही तेच म्हणतात. रोज पाहणाऱ्याला माणूस कणाकणाने झिजताना दिसत नाही. सात वर्षांनी येणाऱ्याला एका क्षणात दिसतं.

आम्ही किलोभर पेढे नेले होते. हे लाजेनं लिहितो, कारण भाऊंना मधुमेह आहे हे आम्हाला ठाऊक होतं. पण पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही आणि गोडाशिवाय भेट होत नाही, ही सवय अंगात मुरलेली. वहिनींनी पुरणपोळीचा घाट घातला होता. भाऊंनी दोन पोळ्या खाल्ल्या, वर पेढा. रात्री ते चार वेळा लघवीला उठले. प्रत्येक वेळी तांब्याभर पाणी प्यायले.

सकाळी थंडी होती. भाऊ अंगणात शेकोटीजवळ पाय पसरून बसले होते, जाळापासून जेमतेम वीतभर. आम्ही शेजारी बसलो तर आम्हाला चटका बसत होता, त्यांना काहीच नाही. वहिनी म्हणाल्या, "रोज असंच बसतात. बोटाला फडकं बांधलंय, पण बघू देत नाहीत." घरच्या माणसाचं ऐकायचं नाही, हा आपल्याकडच्या पुरुषांचा जुना आजार. मग तीस वर्षांच्या हक्काने आम्ही म्हटलं, "भाऊ, दाखवा बघू पाय!"

उजव्या अंगठ्याखाली भाजल्याचा फोड फुटून रुपयाएवढी जखम झाली होती. कडा काळपट, आत पू. आठ दिवस झाले असतील म्हणाले. दुखतं का? "नाही ना! दुखलं असतं तर गेलो नसतो का दवाखान्यात?"

इथेच सगळे फसतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, मग काहीच कळेनासं होतं. खिळा टोचला, चप्पल चावली, शेक जास्त झाला तरी मेंदूपर्यंत निरोप पोहोचत नाही. त्यात पायाचा रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, म्हणून जखम लवकर भरत नाही आणि जंतू आत शिरतात. बोट किंवा पाय कापायची वेळ येते ती बहुतेकदा अशाच एखाद्या न दुखणाऱ्या जखमेपासून. दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही. मधुमेह असलेल्याला पायाची जखम दुखत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

येवल्यासाठी ठरवलेली रिक्षा सरकारी रुग्णालयाकडे वळवली. रविवार असला तरी तातडीचा विभाग चालू होता. साखर निघाली ३१८. डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. मग भाऊंना डोळे मिटायला सांगून तळव्याला जागोजागी कापूस लावला आणि "कळलं की सांगा" म्हणाले. भाऊ गप्पच राहिले. वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

गोळ्यांचं विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. आठ महिन्यांपूर्वी तपासणीत साखर चांगली आली, म्हणून भाऊंनी गोळ्या बंद केल्या आणि कोणीतरी दिलेलं जांभळाच्या बियांचं चूर्ण सुरू केलं. साखर चांगली आली होती ती गोळ्यांमुळेच, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही दर महिन्याला फोनवर "बरं आहे ना?" एवढंच विचारत होतो.

संध्याकाळी भाऊ हिरमुसले होते. "माझ्यामुळे तुमचं येवलं राहिलं." आम्ही त्यांना आठवण दिली की बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायदुखीने ते बेजार असत, आणि डॉक्टर असलेल्या माईसाहेब १९४८ पासून त्यांच्या औषधपाण्याकडे लक्ष देत होत्या. एवढा विद्वान माणूस डॉक्टरचं ऐकत होता. विनयपिटकातली गोष्टही निघाली. पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आणि आनंदाने अंघोळ घातली आणि बाकीच्यांना विचारलं, तुम्ही एकमेकांची सेवा नाही करणार तर कोण करणार? भाऊ ऐकत राहिले आणि पेढ्यांचा डबा त्यांनी स्वतःच शेजारच्या पोरांना दिला.

आम्ही एक दिवस जास्त राहिलो. सोमवारी बाह्यरुग्ण विभागात गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, काही दिवस इन्सुलिनही. वहिनींना रोजचं काम शिकवलं. उजेडात बसून तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. स्वतःला वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा. पाय कोमट पाण्याने धुवायचे, पण पाणी आधी कोपराने किंवा दुसऱ्या कोणी बघायचं. बेचक्या कोरड्या करायच्या. टाचेला तेल चालतं, बोटांच्या मध्ये नको. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. शेकोटी, गरम पाण्याची पिशवी बंद. घरातही चप्पल घालायची, आणि घालण्याआधी झटकायची. विहारात चप्पल काढावी लागते, तिथे स्वच्छ सुती मोजे घालावेत; वंदनेला मोज्यांची आडकाठी नाही.

वहिनींचीही साखर आणि रक्तदाब तिथेच तपासून घेतला. रक्तदाब १६० वर १०० निघाला. त्यांनी आयुष्यात तो कधी मोजलाच नव्हता. तीस वर्षांवरील प्रत्येकाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, वस्तीतल्या आशाताईंना विचारलं तरी त्या दिवस सांगतात. पुण्याला परतल्यावर आम्ही दोघांनीही आपली करून घेतली. काय निघालं ते पुढे कधी सांगू.

निघताना वहिनींनी राहात्याकडचे पेरू पिशवीत भरले. आता दर रविवारी फोन होतो आणि पहिला प्रश्न असतो, "आज पाय बघितला का?" भाऊ चिडतात, पण सांगतात. जखम भरायला दहा आठवडे लागले. येवल्याचा बेत पुन्हा ठरला आहे. भाऊंनी त्यासाठी नवे बूट घेतले आहेत, पुढून रुंद, आतून मऊ, आणि मापाला संध्याकाळी गेले होते, कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो.